चिलापीवरचा आळ

शिरूरला मुद्दाम फिरायला गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. नगरला जाताना वाटेत लागतं म्हणून लोक थांबतात, चहा पितात आणि गाड्यांच्या गर्दीला शिव्या घालत पुढं सटकतात. दौंडचंही तेच. रेल्वेच्या खिडकीतून दिसतं तेवढं दौंड बहुतेकांना आयुष्यभर पुरतं. मी मात्र या दोन तालुक्यांत चांगली आठवडाभर राहून, खाऊन-पिऊन आले, आणि तेसुद्धा एका गोळीच्या मागं लागून.

गोळी काही वेगळी नाही, आपली नेहमीचीच. गुडघा धरला, दाढ ठणकली, पाठीत उसण भरली की घरोघरी घेतात ती, सूज उतरवणारी. बहुतेकांना ती गुमान पचते. पण एखाद्यावर अशी काही उलटते की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर माणूस हातचा जातो. हे कुणाच्या नशिबी येतं, आधी काही खुणा दिसतात का, याचा अभ्यास आमच्या मेडिकल कॉलेजात चालू आहे. आमचे मोठे सर एसीत बसून माहिती मागतात आणि मी उन्हात हिंडून माणसं गोळा करते. ज्यांच्या कागदावर डॉक्टरांनी 'जेवणातून अ‍ॅलर्जी' असं लिहिलंय, त्यांनाही मी भेटत होते. कारण जेवणाच्या नावावर खपलेल्या काही प्रकरणांमागं हीच गोळी दडून बसलेली असणार, असा आम्हाला दाट संशय होता.

ज्यांची ही गोष्ट आहे त्या आबांनी लिहायला परवानगी दिली आहे. "लिव्हा की. पण नाव बदला, न्हाईतर तालमीत तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई." तेव्हा नावं बदलली आहेत. बाकी सगळं आहे तसं.

कवठे येमाई

मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडं माणूस आपली दुखणी पाहुण्यापुढं वाळवणासारखी मांडून ठेवतो. "बसा हो, चहा घ्या, आणि हा माझा पाय बघा." कुणाचा रक्तदाब जास्त, कुणाची शुगर जास्त, यावर दोन वहिनींची जुंपलेली मी लहानपणापासून ऐकलीय. इथं सगळं उफराटं! दुखतं म्हणून सांगणं म्हणजे कमीपणा. गावची आशाताई शकुंतला मला तिच्या स्कूटरवरून घरोघर फिरवत होती. मी विचारायची, "काही औषधं चालू आहेत?" की उत्तर ठरलेलं. "न्हाई बा! मला काय धाड भरलीय?" आणि बोलता बोलता सरकून बसावं, तर उशीखालून गोळ्यांची पाकिटं कुरकुरायची.

"ताई, असं सरळ विचारून इथं कोण सांगत न्हाई," शकुंतला म्हणाली. "पैलवानाला तर इचारूच नका."

पैलवान म्हणजे रंगनाथ आबा. साठी ओलांडलेली, पण छाती अजून दारात मावत नाही. कुस्तीत मोडलेले दोन्ही कान, पांढरी कोपरी, आणि मिशी अशी की मी नमस्कार आधी तिलाच केला असावा. त्यांची बायको, आक्का, आम्ही उंबऱ्यातून आत जायच्या आधीच जेवणाच्या तयारीला लागली होती. या भागात तुम्ही कशासाठी आलात हे जेवण झाल्यावर विचारतात.

ताटात बाजरीची भाकरी, तांबडा रस्सा आणि मासवड्या. नाव ऐकून माझ्यातली रत्नागिरी जागी झाली आणि मी घाईनं तुकडा मोडला. आत तीळ-खोबरं, बाहेर बेसन.

"मासा न्हाई त्यात," माझं पडलेलं तोंड बघून आक्का म्हणाल्या. "पिठाची असती. खऱ्या माशाचं तर आता नाव बी काढायचं न्हाई या घरात."

आणि मग सगळं बाहेर आलं. धाकटी लेक शीतल दौंडकडं, भीमेच्या काठच्या गावात दिलेली. मागं आबा तिला भेटायला गेले होते. विहीणबाईंनी भीमेतली चिलापी मासळी तळली, कालवण केलं. पंगत बसली, आबांनी चार घास खाल्ले, आणि अंगावर पित्त उठलं. बघता बघता ओठ सुजले, श्वास लागला, आबा ताटावरच आडवे झाले. व्याही बाळूआप्पांनी त्यांना पिकअपमध्ये घालून दौंडचा दवाखाना गाठला. तिथं मांडीत इंजेक्शन दिलं म्हणून वाचले.

"मी पोचले तवा ह्यांचं त्वांड भोपळ्यागत झालेलं," आक्का सांगत होत्या. "माझं डोस्कं फिरलं. दवाखान्यातच विहीणबाईला म्हणले, काय विष घातलं गं माझ्या मालकाला?"

झालं! शब्द गावभर फिरला. विहीणबाईंनी अन्नाची शपथ घेतली, यांच्या घरचं पाणी तोंडाला लावणार नाही म्हणून. येणं-जाणं बंद, फोन बंद. आणि आता शीतलला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही इकडची रीत. तर आप्पांनी निरोप धाडला की विष घालणाऱ्याच्या सुनेला माहेरी कशाला न्यायचं? आधी शब्द मागं घ्या, मग पाठवतो.

"घेऊन टाका ना मागं," मी म्हणाले.

"कसा घेऊ? माझा माणूस मेला असता की, ताई!" आक्कांनी पदर डोळ्याला लावला. "आन् लेकीबिगर बी ऱ्हावत न्हाई. रोज सपनात येती."

आता खरं सांगते, मला माशाचा फार राग आला नाही. उलट आमच्या जातभाईवर कुणी आळ घेतल्यासारखं वाटलं. नदीतला का असेना, मासा तो मासा. पण माशाची अ‍ॅलर्जी असते, आणि जन्मभर पचलेला मासा एके दिवशी बाधूही शकतो. तेव्हा शास्त्राला धरून मी मुकाट्यानं पुढचे प्रश्न विचारले.

"आबा, त्या दिवशी काही औषध, गोळी?"

"आयुष्यात गोळी गिळली न्हाई, म्याडम." मिशीवरून हात. "दूध, बदाम आन् तालमीची माती."

"याआधी कधी असं पित्त उठलं होतं?"

आबा छताकडं बघायला लागले. आक्का म्हणाल्या, "उठलं व्हतं की. पुतण्याच्या लग्नात, वांग्यानं. आन् शीतलच्या साखरपुड्यात, बासुंदीनं."

म्हणजे वांगं, बासुंदी आणि चिलापी! तीन आरोपी, एकमेकांशी नातं नाही, ओळख नाही. दरवेळी पंगत मात्र होती. मला काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते हाताला लागेना.

घोडनदीचा बाजार

जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. बाजाराच्या दिवशी तिथं चालायचं म्हणजे कांद्याच्या गोण्या, कोंबड्यांच्या पाट्या आणि एसटीचे हॉर्न यांच्यामधून अंग चोरत जायचं. एका टोमॅटोवाल्यानं मला "चला मावशी, संपवायचंय!" म्हणून हाक मारली. मी आजवर कुणाची मावशी नव्हते. तरीही दोन किलो घेतले, मावशीपणाची लाज राखायला म्हणून. संध्याकाळपर्यंत त्यांचा गाडीच्या सीटवर रस झाला, ते सोडा.

पोटात कावळे ओरडायला लागले तशी एका खानावळीत शिरले. आत, अगदी कोपऱ्यात, दाराकडं पाठ करून एक दणकट माणूस ताटावर वाकला होता. डोक्याला टोपी, आणि टोपीखाली मोडलेले दोन कान.

मी समोर जाऊन बसले. ताटात तळलेली चिलापी. एकीचा नुसता काटा उरला होता, दुसरी अर्ध्यावर.

"वा, आबा! मासवडी का?"

आबांचा घास घशात. पाणी प्यायले, मग पुन्हा प्यायले. "म्याडम, तुमच्या पाया पडतो. आक्काला सांगू नका."

"कधीपासून चाललंय हे?"

"दर बाजाराला. माशाबिगर मला झोप लागत न्हाई."

"अहो, आणि बाधलं तर? मरायचंय का?"

"हितला बाधत न्हाई की! हितला घोडनदीचा. घोडनदीचं पानी गोड. मला भीमेचं बाधतं."

एवढ्या आत्मविश्वासानं आमचे मोठे सरसुद्धा बोलत नाहीत. मी खानावळवाल्याला हाक मारली. "दादा, मासा कुठला?"

"ताजा हाय, ताई, बिनधास्त खावा. सकाळीच दौंडकडनं आला. भीमेचा. घोडनदीला आता एवढं मासं कुठं ऱ्हायलंत?"

आबांचा हात ताटातच थांबला. त्यांनी माशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत माशाकडं. मग शांतपणे उरलेली अर्धी खाऊन टाकली. मीही एक मागवली. मसाला जरा जास्तच, आमसुलाचा पत्ता नाही, आणि नदीच्या माशाला समुद्राची चव कुठून येणार! तरी दुसरी मागवावी लागली, काय करणार.

"मासा निर्दोष आहे, आबा. मग शब्द मागं घ्यायला हरकत काय?"

आबा हाडकातून मांस काढावं तसे काटे चिवडत राहिले. "माशाची माफी मागतो," शेवटी म्हणाले. "विहीणबाईची न्हाई."

"मासा त्यांच्याच घरात शिजला होता."

"ते बघू तिथं गेल्यावर."

दुसऱ्या दिवशी मला दौंडकडं जायचंच होतं. आबांना बरोबर न्यायचं ठरलं. आक्कांना त्यांनी सांगितलं, कांद्याचं बी बघायला चाललोय. आक्का "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्ही निघताना त्यांनी गाडीच्या खिडकीतून एक जड डबा माझ्या मांडीवर ठेवला. "डिंकाचं लाडू हायेत. वाटंत भूक लागली तर." कांद्याच्या बियाला डिंकाचे लाडू कशाला लागतात, हे मी विचारलं नाही. आबांनीही विचारलं नाही.

चौफुला

न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारा रस्ता त्या दिवसांत उसाच्या मालकीचा असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रेलर, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस, आणि मागच्याचा हॉर्न ऐकू येऊ नये अशा बेतानं लावलेली गाणी. तासन्‌तास मी असल्या एका ट्रेलरचं बूड बघत गाडी चालवली. चौफुल्याला चहासाठी थांबलो तेव्हा आबांना गाडीतून उतरायलाच वेळ लागला. उतरले ते दाराला धरून. मला वाटलं, बसून पाय आखडले असतील.

चहा आला. आबांनी इकडंतिकडं बघून कोपरीच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं, अंगठ्यानं दाबलं आणि गोळी तळहातावर घेतली.

मला ते पाकीट लांबूनही ओळखता येतं. त्याच्यासाठीच तर मी आठवडाभर वणवण करत होते!

पुढं काय झालं ते माझ्या पदाला शोभणारं नव्हतं. "अहो, थांबा!" म्हणून मी आबांच्या हातावर जोरात चापट मारली. गोळी उडाली ती थेट शेजारच्या टेबलावरच्या मिसळीत. तो बिचारा चमचा तोंडाशी नेतच होता. मी त्याचा हातच धरला. "खाऊ नका! गोळी आहे त्यात!" अख्खं हॉटेल उभं राहिलं. मालक म्हणाला, आमच्या मिसळीत असलं काही नसतं. मग मी, मालक आणि तो माणूस, तिघं मिळून तर्रीत गोळी शोधायला लागलो. फरसाणाखाली सापडली. त्याला दुसरी मिसळ सांगितली, वर भजी सांगितली, तेव्हा कुठं त्यानं मला वेड्याच्या दवाखान्यात पोचवायचा विचार सोडला.

"काय म्याडम," आबा हात चोळत म्हणाले, "गुडघ्याची हाय ती. तालमीतल्या दोस्तानं दिलेली."

"तुम्ही तर आयुष्यात गोळी घेतली नव्हती!"

आबा एकदम लहान आवाजात म्हणाले, "घरी घेत न्हाई. घरी कॉटवर बसून जेवतो. पण पंगत म्हणलं की मांडी घालावी लागती. खाली बसताना 'आई गं' निघालं, उठताना कुणाचा हात धरावा लागला, तर पैलवानाची काय इज्जत ऱ्हाईल? म्हणून पंगत असली की आधी एक टाकतो."

"पुतण्याच्या लग्नात?"

"व्हय."

"साखरपुड्यात?"

"व्हय."

"आणि शीतलकडं?"

"तिथं दोन टाकल्या. आप्पा जुना कबड्डीवाला हाय. त्याच्यासमोर कमी पडायचं न्हवतं."

"अहो, दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं असेल ना, काही औषध घेतलं का म्हणून?"

"इचारलं की. पण आप्पा उशालाच उभा व्हता."

मी कपाळावर हात मारला. हसावं की या माणसाला बदडावं, कळेना. मघाशी मी चहात साखर ढवळत खाली बघत राहिले असते तर? शीतलच्या दारात या माणसाची परत तीच गत झाली असती, आणि या खेपेला कदाचित पिकअपही पोचली नसती. मी पाकीट काढून घेतलं आणि चिडूनच बोलले. पहिल्या दोन वेळी नुसतं पित्त उठलं, ती सूचना होती. तिसऱ्या वेळी घसा धरला. आता या जातीतली एकही गोळी पोटात जाता कामा नये. पुण्याला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडं तपासून नक्की करायचं, आणि तोवर कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या हे आधी सांगायचं, उशाला कुणी का असेना.

आबांनी सगळं ऐकलं. चहावर साय धरली.

"म्हंजी मासा बी न्हाई, विहीणबाई बी न्हाई," ते म्हणाले. "मीच माझ्या पोरीचं म्हायेर तोडलं."

डोळ्यात पाणी आलेला पैलवान मी पहिल्यांदाच बघत होते. मला फार वाईट वाटलं.

"तुम्हीच सांगा आप्पाला," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेल्या. शास्त्रातलं काय तरी सांगा."

"मला सांगता येत नाही, आबा. पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हा आमच्या कामाचा नियम आहे. सांगायचं तर तुम्हीच."

"मंग गाडी फिरवा माघारी."

"फिरवते. लाडू आपण दोघं खाऊ वाटेत."

आबांनी डब्याकडं बघितलं. मग टेबलाला जोर देऊन, तोंड वाकडं करत उठले आणि गाडीत जाऊन बसले.

भीमेच्या काठी

आप्पांचं घर उसाच्या मधोमध आणि पलीकडं भीमा, चांगली रुंद. दारात बाळूआप्पा उभे होते, काटक, उंच, तोंडावर इस्त्री केल्यासारखे. वैर असलं तरी दारी आलेल्याला पाणी द्यायचं ही तालुक्याची पद्धत. ते आलं, गूळही आला. "बसा" मात्र कुणी म्हणालं नाही.

शीतल दाराआडून बघत होती. बापाला बघून तिचे ओठ हलले, पण सासूच्या धाकानं ती पुढं आली नाही. स्वयंपाकघरात विहीणबाई कांदा चिरत होत्या. विळी एवढी मोठ्यानं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. थोड्या वेळानं आतूनच आवाज आला, "पाहुण्यांना इचारा, आमच्या घरचं चालंल का डबा आणलाय?"

मला हसू दाबावं लागलं, कारण डबा खरंच होता.

"चालंल," आबा म्हणाले.

माजघरात पाट मांडले. ताटं आली. तळलेल्या चिलापीचा वास सुटला. आप्पा पाटाजवळ गेले, भिंतीला हात टेकला, अर्धे वाकले आणि आबांकडं वळून म्हणाले, "हं. बसा."

आबा उभेच.

"काय झालं? भ्या वाटतं आमच्या ताटाचं?"

"आप्पा," आबा म्हणाले, "मला खुर्ची लागंल."

"खुर्ची?"

"गुडघं वाकत न्हाईत माझं. लई दिवस झालं. त्या दिवशी तुमच्यासमोर मांडी घालता यावी म्हणून दोन गोळ्या खाऊन आलो व्हतो. त्याच उलटल्या. डॉक्टरनं इचारलं, तर तुम्ही उशाला म्हणून खोटं बोललो." मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडं वळले आणि हात जोडले. "विहीणबाई, तुमचा मासा निर्मळ व्हता. इख म्या माझ्या खिशातनं आणलं व्हतं. आक्काचा शब्द मागं घेतो. चुकलं आमचं."

विळी थांबली.

आप्पा अजून तसेच, अर्धे वाकलेले, एक हात भिंतीला. ना खाली बसत, ना वर येत. कपाळावर घाम आलेला.

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली, "दोन खुर्च्या आण."

विहीणबाई दोन खुर्च्या घेऊन आल्या आणि दाणदिशी आपटल्या. "तरीच! रोज रात्री तेल लावून पाय चोळून घेत्यात, आन् सकाळी पारावर बसून कबड्डीच्या गोष्टी!"

"म्याडम," आप्पा माझ्याकडं न बघता पुटपुटले, "मी खातो ती गोळी बी जरा बघता का?"

मी बघितली. विहीणबाईंनी आबांच्या ताटात मोठी चिलापी वाढली. "सावकाश खावा. काटं हायेत," त्या म्हणाल्या. "आन् जाताना लेकीला न्या. पण गाडी हळू चालवा म्हणावं बाईला, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची पार चाळण केलीय."

लेकीला हाक मारायला म्हणून आबा वळले, तर दाराआड कुणीच नव्हतं. शीतल पिशवी घेऊन केव्हाच गाडीत जाऊन बसली होती.